नोटेची पारख

भरवशाच्या माणसास आपण 'खणखणीत नाणे' म्हणतो. पूर्वी चांदीचा रुपया हाती आला की दुकानदार तो दगडावर आपटून पाही. नाद स्वच्छ उमटला तर रुपया खरा, बद्द आवाज आला तर खोटा! परंतु कागदाची नोट वाजत नाही. मग तिची पारख करावी कशी?

दौंड स्थानकातून एक लोहमार्ग अहिल्यानगरावरून मनमाडला जातो. तेथून मुंबईच्या बाजूस वळले की वाटेत नाशिक रोड लागते. येथील सरकारी मुद्रणालयात १९२८ साली नोटा छापण्यास आरंभ झाला. तोपर्यंत आपल्या देशाच्या नोटा इंग्लंडातून छापून येत असत.

मुलांनो, घरातील वडीलधाऱ्यांकडून पाचशे रुपयांची नोट घ्या आणि उजेडासमोर धरा. कोऱ्या भागात गांधीजींची छायाकृती दिसू लागेल. हे चित्र शाईने काढलेले नाही. कागदाचा लगदा ओला असतानाच त्याचा थर कोठे जाड, तर कोठे पातळ केलेला असतो. पातळ भागातून उजेड अधिक येतो, जाड भागातून कमी. त्यामुळे चित्र उमटते. यास जलचिन्ह म्हणतात. लबाड मनुष्य नोटेच्या पृष्ठभागाची नक्कल करील. परंतु कागदाच्या पोटातील हे चित्र साधणे त्यास फार कठीण जाते.

आता नोट तिरपी करा. तिच्यातील सुरक्षा धाग्याचा हिरवा रंग पालटून निळा दिसेल. या धाग्यावर 'भारत' हे नाव बारीक अक्षरांत आहे.

शेवटी नोटेवरून बोट फिरवा. गांधीजींचे चित्र आणि अशोकस्तंभाची मुद्रा बोटास किंचित उंच लागतात. नोटेच्या दोन्ही कडांवर पाच-पाच उठावदार रेघा आहेत. शंभराच्या नोटेवर त्या चार-चार असतात. डोळ्यांनी न दिसणाऱ्या बांधवांस त्यांवरून नोट ओळखता येते.

एवढा खटाटोप कशासाठी? समजा, दौंडच्या बाजारात एखाद्या भाजीवालीस कोणी पाचशेची खोटी नोट दिली. बँकेत नेल्यास ती नोट जप्त होते. तिच्यावर बनावट असल्याचा शिक्का बसतो. बाईस पोच मिळते, पैसे मात्र मिळत नाहीत. दिवसभराचे कष्ट वाया जातात. अशा वेळी 'मला फसवले, मग मीही ती पुढे का सारू नये?' असा मोह होणे स्वाभाविक आहे. परंतु खोटी आहे हे ठाऊक असून नोट खपवणे हा कायद्याने गुन्हा आहे. शिवाय ती पुढे जाईल कोणाकडे? तितक्याच कष्टाने पोट भरणाऱ्या दुसऱ्या कोणाकडे!

म्हणूनच रिझर्व्ह बँक या खुणा लपवून ठेवीत नाही. उलट सर्वांस समजावून सांगते. त्या जितक्या लोकांस ठाऊक होतील, तितके नोटेचे राखणदार वाढतील. घरी आजीस किंवा शेजारच्या दुकानदारास त्या दाखवा, म्हणजे तुम्हीही त्या राखणदारांपैकी एक व्हाल.

शब्दार्थ : बद्द – नाद नसलेला, खटाटोप – खूप धडपड, पोच – वस्तू मिळाल्याचा लेखी दाखला.

स्वाध्याय
१. जलचिन्ह कसे तयार होते?
२. उठावदार रेघांचा उपयोग कोणास व कसा होतो?
३. खोटी नोट पुढे का खपवू नये? तुमच्या शब्दांत सांगा.
४. 'खणखणीत नाणे' हा शब्दप्रयोग वाक्यात योजा.