लेकराचा इसब, वावडे आणि चाचणी



मागील अंकात खोडव्यातील पाचटाविषयी लिहिले होते. या वेळचा विषय उसाचा नाही. शेतकी विभागाच्या माणसाने कातडीच्या दुखण्यावर का लिहावे, असे काहीजण म्हणतील. मी डॉक्टर नाही, कृषी पदविकाधारक आहे, हे आधीच सांगून टाकतो. पण लागणीच्या नोंदी घेत गावोगाव फिरताना ओट्यावर बसले की दर हंगामात दोन-चार घरांत एकच गोष्ट निघते. पोराचं अंग फुटलंय, रात्र रात्र खाजवतं, सगळं करून झालं, आता अ‍ॅलर्जीची टेस्ट करायची म्हणतात, कुठं करावी साहेब? माझ्या स्वतःच्या घरात हे दुखणे कित्येक वर्षे आहे. तेव्हा त्यातून जे शिकलो आणि डॉक्टरांना विचारून ज्याची खात्री करून घेतली, तेवढेच लिहितो.

माझी धाकटी मुलगी चार महिन्यांची असताना तिचे गाल लाल झाले. पुढे कोपराच्या आत, गुडघ्याच्या मागे, मनगटावर कातडी जाड व खरखरीत झाली, खाजवून रक्त निघू लागले. थंडीत निफाडकडचा पारा उतरला की रात्री तिच्या हातांना कापडी पिशव्या बांधून निजवावे लागे. घरात कोणाचीच झोप होत नसे. कडुलिंबाच्या पाल्याचे पाणी झाले, उटणी झाली, अंगारे झाले. नंतर बाजाराच्या गावी एका डॉक्टरांनी इंजेक्शन दिले. तीन दिवसांत अंग स्वच्छ! आम्हाला देव भेटल्यासारखे झाले. तीन आठवड्यांनी सगळे परत आले, तेही पहिल्यापेक्षा जास्त. पुन्हा इंजेक्शन, पुन्हा तेच. मग औषधाच्या दुकानातून चिठ्ठीशिवाय एक मलम आणले. त्याचाही असाच अनुभव आला.

त्याच सुमारास एका शिबिरात रक्त तपासून दिले. अहवालात शंभरावर जिनसांची यादी होती आणि त्यातील बावीस जिनसांपुढे खूण. दूध, अंडे, शेंगदाणा, गहू, तूरडाळ, केळी, वांगे, असे बरेच. आम्ही शिकलेली माणसे, छापील कागदावर विश्वास ठेवला आणि त्या दिवसापासून हे सर्व बंद केले. पोरगी भात, मुगाचे पाणी आणि बटाटा यावर राहिली. इसब काही कमी झाला नाही. चार महिन्यांनी अंगणवाडीच्या ताईंनी वजनाचा तक्ता पुढे ठेवला व म्हणाल्या, "भाऊ, हिचं वजन वाढायचं थांबलंय, उलट पाव किलो उतरलंय. घरात काय देता हिला?" मला त्या दिवशी बोलता आले नाही.

शेवटी नाशिकला त्वचारोगतज्ज्ञांकडे गेलो. त्यांनी अहवाल बाजूला ठेवला आणि एकच विचारले, "यातलं काय खाल्ल्यावर दोन तासांच्या आत हिला काय झालं, ते सांगा." आम्ही दोघे एकमेकांकडे पाहत राहिलो. असे काही कधी झालेच नव्हते.

इसब म्हणजे काय

लहानपणी सुरू होणारा, घडीच्या जागी येणारा, कमी-जास्त होत राहणारा हा जो खाजरा इसब आहे, त्याला डॉक्टर अ‍ॅटोपिक डर्माटायटिस म्हणतात. यात मूळ खोट कातडीच्या वरच्या थरात असते. हा थर चांगला सारवलेल्या भिंतीसारखा पाहिजे. काही मुलांत जन्मतःच तो विरळ असतो. आतला ओलावा बाहेर जातो, बाहेरची धूळ, साबण, जंतू आत शिरतात, आणि अंगातील संरक्षणयंत्रणा चवताळते. कातडीचा थर बांधून ठेवणारे फिलॅग्रिन नावाचे एक प्रथिन आहे. त्याच्या जनुकातील दोष आणि हा इसब यांचा संबंध २००६ साली स्कॉटलंडमधील डंडी येथील संशोधकांनी दाखवला. घरात दमा, सारखी सर्दी-शिंका असणारी माणसे असली तर हा इसब जास्त दिसतो. आमच्याकडे माझ्या वडिलांना दमा होता.

म्हणजे वावडे हे बहुधा मूळ कारण नसते. फुटलेल्या कातडीतून वावडे नंतर तयार होऊ शकते. हा क्रम लक्षात न घेतल्यामुळे लोक आधी ताट रिकामे करतात आणि कातडी तशीच राहते. चुनखडीच्या रानात लोह न मिळाल्यामुळे ऊस केवड्याने पिवळा पडला तर आपण युरिया ओतत बसत नाही. ओतणारेही आहेत म्हणा, दर वर्षी भेटतात.

आणखी एक. प्रत्येक खाज म्हणजे इसब नव्हे. घरातील तीन-चार माणसे एकदम खाजवत असतील, रात्री खाज वाढत असेल, बोटांच्या बेचक्यांत पुरळ असेल, तर ती खरूज असू शकते आणि तिचे औषध सगळ्या घराने एकाच वेळी लावावे लागते. कडेला लाल व मध्ये फिकट असे गोल चट्टे गजकर्णाचे असतात. त्यावर स्टेरॉइडचे मलम लावले तर ते चरते आणि त्याचे रूपही बदलते, मग डॉक्टरांनाही ओळखणे कठीण जाते. दुकानातल्या 'सर्वगुणी' मलमांत जोरदार स्टेरॉइड, बुरशीनाशक व जंतुनाशक एकत्र मिसळलेले असते. २०१८ साली केंद्र सरकारने अशी स्टेरॉइडची मलमे चिठ्ठीशिवाय विकू नयेत असा नियम केला आहे. तरी ती मागणारे आपणच असतो.

चाचणी कोणती, कशासाठी

दोन चाचण्या वेगळ्या आहेत व त्यांची गल्लत फार होते.

पहिली टोचणीची चाचणी, प्रिक टेस्ट. हाताच्या पुढच्या भागावर संशयित पदार्थांच्या द्रावणाचे थेंब ठेवून वरवर टोचतात. पंधरा-वीस मिनिटांत गांधीसारखा फुगवटा आला तर मोजतात. नुसत्या द्रावणाच्या थेंबापेक्षा तो ३ मिलिमीटर किंवा जास्त मोठा असला तर 'आहे' असे धरतात. ही चाचणी झटकन होणाऱ्या वावड्यासाठी आहे. खाजेच्या गोळ्या चालू असतील तर ती खोटी पडते, म्हणून गोळ्या किती दिवस आधी थांबवायच्या ते डॉक्टरांना विचारून घ्यावे. कातडी फुटलेल्या जागी ती करत नाहीत. रक्तातील आयजीई तपासतात तोही याच प्रकारचा शोध.

दुसरी पट्टीची चाचणी, पॅच टेस्ट. पाठीवर पदार्थांच्या पट्ट्या चिकटवून ४८ तास ठेवतात, काढल्यावर एकदा पाहतात आणि पुन्हा एक-दोन दिवसांनी पाहतात. तोवर पाठ भिजवायची नाही, घाम आणायचा नाही. ही चाचणी सावकाश उठणाऱ्या, स्पर्शाने होणाऱ्या वावड्याची आहे.

या दुसऱ्या प्रकाराचे उदाहरण आपल्या बांधावरच आहे. गाजर गवत, ज्याला आपल्याकडे काँग्रेस गवतही म्हणतात, ते १९५० नंतरच्या दशकात पुण्यात प्रथम नोंदले गेले. परदेशातून आलेल्या गव्हाबरोबर त्याचे बी आले असे मानतात. पुढे १९६८ साली पुण्याचे त्वचारोगतज्ज्ञ डॉ. लोणकर आणि त्यांचे सहकारी यांनी या गवतामुळे झालेल्या कातडीच्या दाहाची नोंद प्रसिद्ध केली. त्या गवतातील पार्थेनिन हे द्रव्य त्याला कारण होते. रानात काम करणाऱ्या मोठ्या माणसांचा चेहरा, मान, पापण्या, कोपराची घडी काळी व जाड पडते. आपल्या गटातही असे सभासद आहेत, ते उन्हाला दोष देत बसतात. त्यांनी पट्टीची चाचणी जरूर करावी. मुलांना हे क्वचित होते. पण इसब असलेल्या मुलांतही या गवताचे वावडे आढळल्याच्या नोंदी वैद्यकांनी केलेल्या आहेत. तेव्हा अशा लेकराला घेऊन गवत उपटायला जाऊ नये, आणि घराभोवतालचे गवत फुलावर येण्याआधी हातमोजे घालून काढावे. आपण द्राक्षबागेत गंधक धुरळतो त्या दिवशीही मूल दूर ठेवलेले बरे.

आता मुख्य मुद्दा. चाचणी 'आहे' आली म्हणजे त्या पदार्थाने त्रास होतोच असे नाही. अंगाने तो पदार्थ ओळखून ठेवला आहे, एवढेच ती सांगते. माती परीक्षणात चुनखडी निघाली म्हणून त्या रानातला ऊस पिवळाच आहे असे कोणी म्हणत नाही. आपण रानात जाऊन पीक पाहतो. इसबाच्या मुलांच्या रक्तात आयजीई मुळातच जास्त असते, त्यामुळे शंभर जिनसा तपासल्या की वीस-पंचवीस निघणारच. म्हणून आधी प्रश्न, मग चाचणी. अमुक खाल्ल्यावर काही मिनिटांत ते दोन तासांत ओठ सुजले, अंगावर गांधी उठल्या, उलटी झाली, खोकला-धाप लागली, असा इतिहास असेल तर त्या पदार्थाची चाचणी अवश्य करावी आणि तोवर तो पदार्थ देऊ नये. धाप लागली, मूल मलूल पडले तर वाट न पाहता दवाखाना गाठावा. लहान बाळाचा भारी इसब नीट औषध लावूनही हटत नसेल तरीही डॉक्टर चाचणी सुचवतात.

माझ्या मुलीची शेवटी चारच वस्तूंची टोचणी झाली. दूध नाही, शेंगदाणा नाही. धुळीतला कोळी मोठा निघाला. (उसावरचा कोळी आपण ओळखतो, हा त्याचाच भाऊबंद, गोधडी-गादीत राहणारा.) अंडे थोडे निघाले. तेव्हा कळले की मामाच्या घरी ती दर सुट्टीत अंडी खात होती, मामींनी आमच्यापासून लपवले होते. तिला काहीच झालेले नव्हते. डॉक्टर म्हणाले, चालू ठेवा. दूध, डाळ, दाण्याचे कूट सगळे परत सुरू झाले. तिसऱ्या महिन्यात अंगणवाडीच्या ताईंनी स्वतः फोन करून वजन सांगितले.

विनाकारण बंदी धोक्याचीही ठरू शकते. लंडनमध्ये ४ ते ११ महिन्यांच्या ६४० बाळांवर केलेला एक अभ्यास २०१५ साली प्रसिद्ध झाला. ही भारी इसब किंवा अंड्याचे वावडे असलेली बाळे होती. ज्यांना शेंगदाणा मुद्दाम टाळला, त्यांच्यात पाचव्या वर्षी शंभरात सुमारे १७ जणांना त्याचे वावडे झाले. ज्यांना नियमित खाऊ घातला, त्यांच्यात सुमारे ३ जणांना. दाणा अर्थातच कुटून, पातळ करून द्यायचा असतो, अख्खा घशात अडकतो. आणि भारी इसबाच्या बाळाला तो पहिल्यांदा देण्याआधी डॉक्टरांना विचारायचे असते.

घरचे काम

औषधापेक्षा नेम महत्त्वाचा. कोमट पाण्याने पाच-दहा मिनिटे आंघोळ, घासणी नाही, साबण कमी. अंग टिपून ओलसर असतानाच ओलावा धरणारे मलम भरपूर लावायचे. साधे पांढरे पेट्रोलियम जेलीसारखे मलम चालते, खोबरेल तेलही अनेकांना मानवते. मोहरीचे व कडुलिंबाचे तेल झोंबते. इसब भारी असेल तर आठवड्याला पाव किलो मलम लागते, हे ऐकून मी हबकलो होतो. आम्ही महिनाभर एक छोटी डबी पुरवत होतो!

स्टेरॉइडच्या मलमाची भीती दोन्हीकडून चुकते. काहीजण जोरदार मलम महिनोन्‌महिने चेहऱ्याला फासतात, काहीजण योग्य मलमही भीतीने टिकलीएवढे लावतात. मोठ्या माणसाच्या तर्जनीच्या टोकापासून पहिल्या पेरापर्यंत जेवढी मलमाची रेघ बसते, ती साधारण अर्धा ग्रॅम होते व मोठ्या माणसाच्या बोटांसह दोन तळहातांएवढ्या जागेला पुरते. कोणत्या जागी कोणते व किती दिवस, हे डॉक्टरांकडून लिहून घ्यावे. अंगात द्यायची स्टेरॉइडची इंजेक्शने वारंवार घेऊ नयेत.

कातडीतून पिवळे पाणी व खपल्या येऊ लागल्या तर जंतू शिरले समजावे. ताप आणि टाचणीने टोचल्यासारखे एकसारखे फोड एकदम पसरले तर त्याच दिवशी मोठा दवाखाना. ज्याच्या ओठाच्या कडेला ताप फुटून फोड आले आहेत, अशा माणसाने या लेकराचा मुका घेऊ नये. त्याच विषाणूने हा प्रकार होतो.

कोठे जावे? राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ पासून चालू आहे. त्याचे पथक अंगणवाडी व सरकारी शाळेत मुले तपासते, आणि त्यांच्या यादीत खरूज, बुरशी व इसब हे कातडीचे रोग आहेत. पथक येईल त्या दिवशी मुलाला घरी ठेवू नका, लाजू नका. तोडणी मजुरांच्या कोपीवरची पोरेही त्या दिवशी अंगणवाडीत पोहोचवावीत. पाचटाच्या कुसळात राहून त्यांच्या कातडीचे जे होते ते आपण रोज पाहतो. याशिवाय नाशिकचे जिल्हा रुग्णालय आहे, आडगावला डॉ. वसंतराव पवार वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय आहे. चाचणीची सोय कोणत्या वारी आहे ते आधी विचारून जावे, हेलपाटा वाचतो.

जाताना जुनी मलमे, चिठ्ठ्या, मोबाईलवर काढलेले वाईट दिवसांचे फोटो आणि एक वही न्यावी. आम्ही पीक नोंदवहीसारखी ठेवली होती: तारीख, थंडी-ऊन, आंघोळ, मलम, नवे काय खाल्ले, फवारणी होती का, रात्री किती वेळा उठली. दोन महिन्यांच्या वहीत असे दिसले की खाण्याचा काही मेळ नाही; लोकरीचा स्वेटर, न धुतलेली वाकळ आणि मलम चुकलेले दिवस यांचा मात्र बरोबर मेळ आहे. आता ती नऊ वर्षांची आहे. डिसेंबरमध्ये अजून त्रास होतो, पण शाळा बुडत नाही. रात्रीचे मलम स्वतःच लावते, आणि लावले नाही तर मोठी बहीण ओरडते.

वहीचे रकाने आखलेला नमुना गट ऑफिसात ठेवला आहे. ज्यांना पाहिजे त्यांनी शनिवारी सकाळी ऊस नोंदीला येताना मागून घ्यावा.