समुद्रजन्य औषधीद्रव्ये : मूळ प्राणी, परीक्षा व कायदा

नगर (आताचा अहिल्यानगर) जिल्हा समुद्रापासून दूर आहे. तथापि शंख, कपर्दिका, प्रवाळ व समुद्रफेन ही द्रव्ये आपल्या नित्य व्यवहारातील आहेत. त्यांचे मूळ प्राणी मात्र आपल्यापैकी अनेकांच्या पाहण्यात नसतात. 'आयुर्वेदीय औषधीगुणधर्मशास्त्र' लिहिणाऱ्या वैद्यपंचानन गंगाधरशास्त्री गुणे यांच्या कर्मभूमीत हा परिचय असावा, या हेतूने पुढील विवेचन केले आहे.

१) समुद्रफेन : नावावरून हा लाटांचा वाळलेला फेस वाटतो. वस्तुतः ते कटलफिश या प्राण्याचे अंतर्गत कवच होय. कोकणात या प्राण्यास माकुल म्हणतात. त्यास तीन हृदये असून रक्त ताम्रयुक्त, निळसर असते. तो क्षणार्धात वर्ण पालटतो. कवचातील सूक्ष्म कप्प्यांत वायू व द्रव यांचे प्रमाण बदलून तो पाण्यात तरंगतो. म्हणूनच हे द्रव्य लघु व सच्छिद्र आहे.

२) कपर्दिका : जिवंतपणी हा प्राणी आपल्या मृदू त्वचेने कवच झाकून ठेवतो, त्यामुळे कवडीस नैसर्गिक झळाळी येते. पीतवर्ण, पृष्ठभागी ग्रंथियुक्त, दीर्घवृत्ताकार कवडी ग्राह्य. वजनाने दीड निष्क श्रेष्ठ, एक निष्क मध्यम, पाऊण निष्क कनिष्ठ, असे रसशास्त्र सांगते.

३) शंख : टर्बिनेला पायरम ही वाळूत राहणारी, कृमिभक्षक गोगलगाय होय. मन्नारच्या आखातातील शंख प्रसिद्ध आहेत. 'दक्षिणावर्त' म्हणून अमेरिकेतील भिन्न जातीचे, स्वभावतःच उलट वळणाचे शंखही विकले जातात.

४) प्रवाळ : ही वनस्पती नव्हे, खनिजही नव्हे, असंख्य सूक्ष्म प्राण्यांच्या वसाहतीचा हा सांगाडा होय. भूमध्य समुद्रातील रक्तप्रवाळाची जाडी वर्षाला एक मिलिमीटरही वाढत नाही. या दुर्मिळतेमुळेच रंगविलेली हाडे, काच व प्लॅस्टिक यांची भेसळ होते.

परीक्षा कोणत्या टप्प्यावर करावी? ही चारही द्रव्ये मुख्यत्वे कॅल्शियम कार्बोनेट आहेत. अम्ल टाकताच सर्वांतूनच बुडबुडे येतात. भस्म झाल्यावर आकृती व पोत दोन्ही नष्ट होतात. म्हणजे केवळ कॅल्शियमच्या चाचणीने प्रवाळभस्म व शंखभस्म वेगळे ओळखता येत नाही. म्हणून चूर्ण खरेदी न करता अखंड द्रव्य घ्यावे व शोधनापूर्वीच परीक्षा करावी.

कायदा : वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ च्या अनुसूचीत २००१ मध्ये प्रवाळभित्ती निर्माण करणारी प्रवाळे, कृष्णप्रवाळ, समुद्रपंखा व कित्येक शंख-शिंपले समाविष्ट झाले, २०२२ च्या दुरुस्तीने अनुसूचींची फेररचना झाली. मालवणच्या किनाऱ्यावरील प्रवाळ औषधासाठी तोडणे हा गुन्हाच होय. साधारण रसांतील अग्निजार म्हणजे अंबर, असे अनेक विद्वान मानतात. ते स्पर्म व्हेलपासून मिळते व हा देवमासा संरक्षित असल्याने त्याचा व्यापार भारतात निषिद्ध आहे. 'ग्रंथोक्त द्रव्य आहे' ही सबब तेथे चालत नाही.

सारांश, फार्मसीधारकांनी प्रत्येक खरेदीत प्राण्याची जात, मूळ प्रदेश व पुरवठादाराची कागदपत्रे नोंदवून ठेवावीत. वैद्यांनीही ती मागावीत. रुग्णाच्या हाती जाणारे भस्म नावाप्रमाणेच असावे, ही जबाबदारी दोघांचीही आहे.