शिवधनुष्य नको, मापाचं धनुष्य हवं

प्रश्न : माझी मुलगी बारा वर्षांची आहे. अदिती स्वामीचे सामने पाहिल्यापासून तिला धनुर्विद्येचं वेड लागलंय. वाढदिवसाला धनुष्यच द्यायचं ठरवून ऑनलाइन शोधायला बसलो आणि डोकं गरगरायला लागलं. रिकर्व्ह, कंपाउंड, 24 पौंड, 40 पौंड! पौंड म्हणजे धनुष्याचं वजन का? तिचा मामा म्हणतो, अमेरिकेत शिकारीला वापरतात तसलं घे, दणकट असतं, एकदाच काय तो खर्च. काय करावं?
— एक वाचक, कराड

उत्तर : मामांचा सल्ला आधी निकालात काढू. अमेरिकेत धनुष्याने हरणाची शिकार करायला रीतसर परवाने मिळतात, आणि त्यासाठीची कंपाउंड धनुष्यं साधारण 60-70 पौंडांची असतात. आपल्याकडे 1972च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीचा विषय संपवला. त्या कायद्यातल्या ‘शस्त्र’ या शब्दाच्या व्याख्येत बंदुकीच्या पंगतीला धनुष्यबाणही बसवलेलं आहे, आणि लेखी परवानगीशिवाय शस्त्र घेऊन अभयारण्यात शिरता येत नाही. तुम्ही कराडचे, कोयना अभयारण्य तुमच्या उशाशी. तेव्हा सहलीला निघताना धनुष्य गाडीच्या डिकीत राहून गेलेलं नाही ना, एवढं उद्या बघावं लागेल. शिवाय स्पर्धेत कंपाउंडला 60 पौंडांची मर्यादा आहे, म्हणजे मामांचं 70 पौंडी धनुष्य मैदानावरही चालायचं नाही.

आता पौंड. हे धनुष्याचं वजन नव्हे. दोरी पूर्ण ओढल्यावर बोटांवर जो भार येतो तो पौंडांत सांगतात. 24 पौंड म्हणजे जवळजवळ 11 किलो, भरलेल्या बादलीएवढा. ही बादली नुसती उचलायची नाही; ती हनुवटीपाशी आणून, हात न थरथरता, नेम लागेपर्यंत दोन-चार सेकंद तशीच तोलून धरायची. मग पुन्हा. असे 100 बाण मारले की बोटांनी आणि पाठीने एक टनाहून अधिक भार ओढलेला असतो. मोठ्या स्पर्धेतल्या पात्रता फेरीत 72 बाण असतात, सरावाचे वेगळे.

आपली सगळ्यांची गोची शिवधनुष्याने केली आहे. अवघड कामाला आपण ‘शिवधनुष्य पेलणं’ म्हणतो. लहानपणी कीर्तनात रावणाच्या छातीवर धनुष्य पडल्याचं ऐकून पोट धरून हसलेलो असतो. त्यामुळे धनुष्य म्हणजे ताकदीची परीक्षा आणि जास्त पौंडांचं धनुष्य म्हणजे जास्त चांगलं, असं डोक्यात पक्कं बसतं. मीही त्याच वाटेने गेलो होतो. विशीत हौसेने 36 पौंडांचं धनुष्य घेतलं. पंधरा दिवसांत डावा हात कोपराच्या आतल्या बाजूने जांभळानिळा झाला, कारण दमलेल्या हाताचं कोपर आत वळायचं आणि सुटलेली दोरी फटकन तिथेच बसायची. उजवा खांदा तर दोन महिने शर्ट घालताना ओरडायचा. ते धनुष्य पुढे कपाटावर धूळ खात राहिलं. धनुष्य चपलेसारखं मापाचं घ्यायचं असतं, हे मला फार उशिरा कळलं.

भार झेपत नसला की मुलांची एक ठरलेली तऱ्हा असते. मैदानावर पाच मिनिटं उभे राहिलात तरी दिसेल. धनुष्य आभाळाकडे जातं, पोट पुढे येतं, खांदा कानाला भिडतो, जीभ दातांखाली. दोरी हनुवटीपर्यंत येत नाही म्हणून शेवटी मान पुढे काढून हनुवटीच दोरीकडे नेली जाते. ही सवय एकदा अंगात मुरली की प्रशिक्षकाची दोन वर्षं ती काढण्यातच जातात. म्हणून लेकीच्या हातात धनुष्य द्याल तेव्हा बाण न लावता दोरी सावकाश ओढायला सांगा, हनुवटीशी धरायला लावा, दहापर्यंत आकडे मोजा आणि दोरी तितक्याच सावकाश परत न्यायला सांगा. आठव्या आकड्याला कोपर थरथरायला लागलं, तर ते धनुष्य तिचं नाही. तिच्या वयाला बोटांवर 14 ते 18 पौंड आले तरी पुष्कळ.

‘बोटांवर आले’ असं मुद्दाम म्हणतोय. रिकर्व्हच्या पात्यावर, म्हणजे लिंबवर, छापलेला आकडा 28 इंच ओढीचा असतो. तुमची मुलगी 28 इंच ओढणारच नाही. घरातली शिवणकामाची टेप घ्या, तिला भिंतीला पाठ लावून दोन्ही हात आडवे पसरायला सांगा आणि एका मधल्या बोटाच्या टोकापासून दुसऱ्यापर्यंत मोजा. आलेल्या मापाला अडीचने भागा. समजा 150 सेंटिमीटर भरले, तर उत्तर 60 सेंटिमीटर, म्हणजे साडेतेवीस इंचांच्या आसपास. ही तिची ड्रॉ लेंथ, अदमासाने. एवढ्या ओढीला 20 पौंड छापलेलं धनुष्य 15च्या आसपास भरतं. धनुष्याची उंचीही याच मापावर ठरते : 24 इंचांच्या आत 62 किंवा 64 इंची, 26पर्यंत 66 आणि त्यापुढे 68-70. दुकानदाराने पहिला प्रश्न ‘बजेट किती?’ असा विचारला आणि टेप काढलीच नाही, तर पाणी पिऊन बाहेर पडा.

प्रकार तीन. बांबूचं धनुष्य आपल्याकडे ‘इंडियन राउंड’ या गटात चालतं, साइट वगैरे काही नाही, 30 आणि 50 मीटर अंतरं. सर्वांत स्वस्त हेच. याला कमी लेखू नका. राजस्थानचा लिंबाराम बांबूच्या धनुष्यावरच हात बसवून पुढे तीन ऑलिंपिक खेळला. नंदुरबारकडच्या भिल्लांच्या तीरकामठ्याला तर दोरीसुद्धा बांबूच्या कांबीची असते.

रिकर्व्ह म्हणजे टोकं पुढे वळलेलं, ऑलिंपिकमध्ये आजवर दिसत आलेलं धनुष्य. 70 मीटरवर 122 सेंटिमीटरचं लक्ष्य, आणि त्यातलं दहा गुणांचं वर्तुळ जेमतेम 12.2 सेंटिमीटरचं. फलटण तालुक्यातल्या सरड्याचा प्रवीण जाधव टोकियोत याच धनुष्याने खेळला.

अदितीचं धनुष्य मात्र कंपाउंड. 2023च्या ऑगस्टमध्ये बर्लिनला ती सतराव्या वर्षी जगज्जेती झाली आणि त्याच दिवशी नागपूरच्या ओजस देवतळेने अंतिम फेरीत 150 पैकी 150 गुण मिळवले. या धनुष्याच्या टोकांना विकेंद्री चाकं असतात. ओढताना मधल्या टप्प्यावर पूर्ण भार येतो आणि शेवटी चाकं फिरून त्यातला 70-80 टक्के भार स्वतःवर घेतात. 40 पौंडांचं धनुष्य नेम धरताना दहाएक पौंडांचंच लागतं. ऐकायला झकास वाटतं, पण इथे ड्रॉ लेंथ चाकांनीच बांधलेली असते. मुलगी वर्षाला दोन इंच वाढणार आणि तुम्ही चाकांच्या मागे धावणार. तरी हेच घ्यायचं असेल, तर मोठ्या पल्ल्यात ड्रॉ लेंथ बदलता येईल असं बघा. 2028च्या लॉस एंजलिस ऑलिंपिकमध्ये कंपाउंडची मिश्र सांघिक स्पर्धा येत असल्याने मुलांचा ओढा तिकडे वाढणार, यात नवल नाही. माझं मत विचाराल तर पहिली दोन वर्षं रिकर्व्ह. अंगाला वळण तिथे लागतं.

आणि पहिले तीन महिने धनुष्य घेऊच नका. क्लबचं वापरू द्या. वाढदिवसाला तिच्या हाताच्या मापाचा फिंगर टॅब, आर्म गार्ड आणि अर्धा डझन बाण द्या; तिन्हींवर बारा वर्षांची पोरगी नाव घालून मिरवते. तीन महिन्यांनी वेड टिकलं, तर आयएलएफ जोडणीचा रायझर घ्या. यात मधला दांडा तोच राहतो आणि पाती बदलत जातात : 18 पौंडांची, मग 22, मग 26. जुनी पाती क्लबमधल्या धाकट्या पोरांना हातोहात विकली जातात. म्हणजे मामांचा ‘एकदाच खर्च’ निम्मा तरी साधतो. वरच्या पातळीवरचा सरंजाम लाखांत जातो, पण ती काळजी आत्ता करायची नाही.

बाणांबद्दल मात्र थोडं थांबून सांगतो, कारण घरचे लोक सगळे पैसे धनुष्यात घालतात आणि बाण उरल्यासुरल्यात घेतात. सुटलेला बाण सरळ जात नाही. मासोळीसारखा वळवळत धनुष्याला वळसा घालून निघतो. तो किती लवचीक हवा, हे धनुष्याच्या ओढीवर ठरतं. त्याला ‘स्पाइन’ म्हणतात. 28 इंचांवर दोन टेकू देऊन मध्ये 880 ग्रॅमचं वजन टांगलं की बाण जेवढा वाकतो, तेवढे इंचाचे हजारांश म्हणजे तो आकडा. 1000चा बाण एक इंच वाकतो, 500चा अर्धा. आकडा मोठा तितका बाण नरम, आणि हलक्या धनुष्याला नरमच लागतो. लांबीला मात्र सढळ राहा, तिच्या ओढीपेक्षा दोन इंच तरी जास्त. आखूड बाण धनुष्यावरच्या टेकूवरून मागे घसरला की सुटताना थेट धनुष्य धरलेल्या हातात जातो.

घरी आणखी एक तंबी द्या. बाण न लावता दोरी ओढून सोडायची नाही. पाहुण्यांची पोरं हे हमखास करतात, टणत्कार ऐकायला. बाणात जाणारी सगळी ताकद मग पात्यांत परत शिरते आणि ती तडकतात. आणि सोसायटीच्या गच्चीवर सराव अजिबात नाही. मुलांच्या धनुष्याचा बाणही शंभर मीटर सहज पार करतो.

आता फोन खाली ठेवून एक काम करा. मुलीला दोन्ही हात लांब करून दोन्ही तळव्यांमध्ये लहानसा त्रिकोण करायला सांगा आणि त्यातून भिंतीवरचं घड्याळ बघायला लावा. घड्याळ दिसत असतानाच त्रिकोण हळूहळू चेहऱ्याशी आणू द्या. तो ज्या डोळ्यावर येईल तो तिचा नेमाचा डोळा, आणि ती जेवते कुठल्या हाताने यापेक्षा धनुष्य निवडताना या डोळ्याला महत्त्व जास्त. उजवा असेल तर उजव्या हाताचं धनुष्य. म्हणजे डाव्या हातात धरायचं, उजव्याने ओढायचं. इथे दुकानात अर्धे लोक फसतात. डावा निघाला, तर क्लबला पहिला फोन करतानाच तसं सांगा. त्यांच्याकडच्या धनुष्यांत डावखुरी एखाद-दुसरीच असते आणि ती बहुधा कुणाच्या तरी हातात असते.