वंशावळ शोधताना



2023 साली न्यायमूर्ती संदीप शिंदे समितीच्या कामात कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला आणि जुनी दप्तरे स्कॅन होऊन जिल्ह्यांच्या संकेतस्थळांवर आली. तेव्हापासून खापरपणजोबा मोबाईलवर सापडतात असे आपल्यातील बऱ्याच जणांना वाटते. नाव सापडते, हे खरे. पण तो माणूस आपलाच असेल असे नाही.

आपल्याकडे आजोबांचे नाव नातवाला ठेवतात. बाळू रामा, त्याचा रामा बाळू, त्याचा पुन्हा बाळू रामा. घाईत आजोबा आणि नातू एकच धरले जातात व दोन पिढ्या गळतात. म्हणून नावाबरोबर सालही पाहावे. शके 1820 म्हणजे इसवी सन 1820 नव्हे. त्यात 78 मिळवावेत, जानेवारी ते पाडव्यापर्यंतच्या नोंदीत 79.

गावाचेही तसेच. जुन्नर तालुक्यातच वडगाव आनंद, वडगाव कांदळी आणि वडगाव साहनी आहेत. नुसते ‘वडगाव’ दिसले म्हणून आपले समजू नये. आंबेगाव ब्रिटिश काळात खेड तालुक्याचा पेटा होता, तेव्हा तिकडच्या कुटुंबांनी खेडचे दप्तरही पाहावे. मोडीत ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नसतो, शब्दही सलग लिहिलेले असतात. अंदाजाने वाचण्यापेक्षा जाणकाराला दाखवावे.

वंशावळ जातीच्या दाखल्यालाही लागते. खोटी माहिती देऊन दाखला मिळवणे हा महाराष्ट्राच्या 2000 सालच्या कायद्याने गुन्हा आहे, म्हणून दुसऱ्याचे आजोबा आपल्या कागदावर येऊ देऊ नयेत. संकेतस्थळावरच्या दहा वंशवृक्षांत एकच नाव असले तरी भुलू नये. पुष्कळदा एकाचा अंदाज बाकी नऊ जणांनी उतरवलेला असतो!

आपल्याजवळ आणखी एक दप्तर आहे, ते म्हणजे स्नानसंस्काराची वही. धर्मसंहितेच्या 535 व्या कलमानुसार दृढीकरण आणि विवाह यांचीही नोंद तीत करायची असते. आजी दुसऱ्या धर्मग्रामातली असेल तर तिच्या विवाहाची नोंद तिकडच्या वहीतही मिळू शकते. जुन्या लॅटिन नोंदीत योसेफचा ‘योसेफुस’ आणि योहानचा ‘योआन्नेस’ होतो, माणूस तोच. मात्र स्नानसंस्काराची तारीख ही जन्मतारीख नव्हे. प्रौढपणी स्नानसंस्कार घेतलेल्यांच्या बाबतीत वीस-तीस वर्षांचा फरक पडतो, आणि सरकारी दप्तरात त्यांचे आधीचे नाव असते. ते नाव घरातल्या वयस्कर आत्यालाच ठाऊक असते, तिला आधी विचारावे.

वही पाहायची असल्यास फादरांना अंदाजे साल व आईवडिलांची नावे लिहून द्यावीत.