जुन्या कॅमेऱ्याला भिंग कोणते?

मुंबईत १८५४ साली फोटोग्राफिक सोसायटी निघाली, डॉ. भाऊ दाजींचे बंधू नारायण दाजी तिचे सभासद होते. त्या काळच्या लाकडी कॅमेऱ्याला व्यक्तिचित्रासाठी पेट्झवालचे १८४० चे भिंगच शोभते. ओल्या प्लेटला प्रकाश पुष्कळ लागे, आणि माणूस स्तब्ध बसणार तरी किती? या भिंगाचे तोंड एफ ३.६ इतके मोठे. पण चेहरा रेखीव, कडा धूसर. म्हणून खडवलीला भातसेचा काठ टिपायचा तर निसर्गचित्राचे साधे भिंग बारीक छिद्र ठेवून वापरावे. त्यात इमारतीच्या कडेच्या सरळ रेषा वाकतात. त्यावर उपाय १८६६ चे रॅपिड रेक्टिलिनिअर. मात्र १८५५ च्या कॅमेऱ्यावर ते म्हणजे पेशवाई अंगरख्यावर मनगटी घड्याळ! कोणतेही घ्या, त्याचे प्रकाशवर्तुळ प्लेटचे कोपरे झाकते की नाही, हे आधी दुधी काचेवर पाहावे.