बंदिवासातील घोरपड : आजार आणि संगोपनातील दोष

पिंजऱ्यात मेलेल्या घोरपडीचे शवविच्छेदन केले तर साथीच्या रोगाच्या खुणा फारशा क्वचितच आढळतात. बहुतेक वेळा दिसतात ती पांढऱ्या स्फटिकांनी भरलेली मूत्रपिंडे, चरबीने पिवळे पडलेले यकृत, वाकलेली हाडे किंवा उदरात अडकून राहिलेली अंडी. यांपैकी एकही विकार बाहेरून आलेला नसतो. तो पिंजऱ्यातच, महिनोन्‌महिने, रक्षकाच्या डोळ्यांदेखत तयार होत असतो. म्हणून या प्रकरणात रोगांची जंत्री देण्यापेक्षा उष्णता, पाणी, माती आणि अन्न या चार गोष्टींचा विचार आधी करावयाचा आहे.

प्रारंभीच एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. भारतात घोरपडीच्या चार जाती आढळतात. बंगाल घोरपड जवळजवळ सर्वत्र, पिवळी घोरपड गंगा-ब्रह्मपुत्रेच्या पूरमैदानात, वाळवंटी घोरपड वायव्येच्या कोरड्या प्रदेशात, आणि पाणघोरपड सुंदरबन, ओडिशाचा किनारा, ईशान्य भारत व अंदमान-निकोबार येथे. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ अन्वये या चारही जातींना पहिल्या अनुसूचीचे संरक्षण असून त्या घरी पाळणे हा गुन्हा आहे. आपल्याकडे घोरपड हाताळण्याचा प्रसंग येतो तो प्राणिसंग्रहालयातील रक्षकांवर, पशुवैद्यांवर आणि जखमी किंवा जप्त केलेले प्राणी सांभाळणाऱ्या वनकर्मचाऱ्यांवर. अमेरिका, युरोप व जपान येथे मात्र घोरपड हा एक लोकप्रिय पाळीव प्राणी आहे, आणि तिच्या आजारांविषयीचे पुष्कळसे ज्ञान तेथील पालकांनी केलेल्या चुकांतून मिळालेले आहे. त्या चुकांची किंमत ज्या जातीने सर्वाधिक मोजली, तिचेच उदाहरण येथे प्रामुख्याने घेऊ.

ही जात म्हणजे आफ्रिकेतील सव्हाना घोरपड. फ्रेंच निसर्गशास्त्रज्ञ बॉस्क याने १७९२ मध्ये तिचे वर्णन करून तिला एक्झँथेमॅटिकस हे नाव दिले. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ अंगावर उठलेले पुरळ. निरोगी प्राण्याला रोगाचे नाव मिळाले, आणि पुढे हाच प्राणी व्यापारात सापडून खरोखरच रोगट झाला, हा योगायोग विलक्षण म्हटला पाहिजे. घाना, टोगो व बेनिन या देशांतून तिची वीतभर लांबीची पिल्ले दरवर्षी हजारोंच्या संख्येने निर्यात होतात. ती स्वस्त असतात, पहिल्यावहिल्या पालकाला ‘सोपी’ म्हणून विकली जातात, आणि त्यांतील बहुसंख्य पूर्ण वाढ होण्यापूर्वीच मरतात.

ती सोपी वाटण्याचे कारण नीट समजून घ्यावे. घोरपड हा सरड्यांच्या कुळातील सर्वांत चपळ व उद्योगी प्राण्यांपैकी एक आहे. इतर सरड्यांना धावताना नीट श्वास घेता येत नाही. घोरपड मात्र गळ्याची पिशवी भात्यासारखी हलवून फुप्फुसांत हवा ढकलते. सव्हाना घोरपडीच्या फुप्फुसांतून हवा बव्हंशी एकाच दिशेने, काहीशी पक्ष्यांप्रमाणे, वाहते असे २०१४ मध्ये प्रयोगाने सिद्ध झाले. अशी शरीररचना लाभलेला प्राणी जागेपणी सतत हुंगत, उकरत, हिंडत असावयास हवा. तोच जेव्हा तासन्‌तास एका जागी पडून राहतो आणि हात लावला तरी फुत्कार टाकीत नाही, तेव्हा पालक समजतो की तो माणसाळला. वस्तुतः तो थंड पडलेला, तहानलेला किंवा अतिलठ्ठ झालेला असतो. घोरपडीच्या पहिल्या आजाराला सर्वत्र ‘गरीब स्वभाव’ असे नाव दिले जाते.

घोरपड माणसाळत नाही असा याचा अर्थ नव्हे. लंडनच्या प्राणिसंग्रहालयात १९२७ मध्ये आलेल्या कोमोडो घोरपडींपैकी एक, सुम्बावा, तेथील सरीसृप विभागाच्या प्रमुख जोन प्रॉक्टर यांच्याबरोबर पाहुण्यांमध्ये मोकळेपणी फिरत असे. त्याच वर्षी उघडलेल्या सरीसृपगृहाची आखणी प्रॉक्टर यांनीच केली होती. त्यात जागोजागी वेगवेगळी उष्णता ठेवण्याची सोय होती व जंबुपार किरण अडविणार नाही अशी काच वापरली होती. आज आपण जे नियम नव्याने शिकवितो त्यांतील निम्मे त्या इमारतीत प्रत्यक्षात उतरलेले होते.

आता उष्णतेकडे वळू. घोरपड आपल्या शरीरात पुरेशी उष्णता निर्माण करीत नाही, ती बाहेरून घेते. कार्यरत असताना बहुतेक जाती शरीराचे तापमान ३५ ते ३८ अंश सेल्सियस या दरम्यान राखतात. पचन, रोगप्रतिकार, मूत्रपिंडांचे कार्य, सारे या तापमानावर अवलंबून असते. पिंजऱ्यातील हवा तीस अंशांवर ठेवली की काम झाले असे मानणे ही सर्वांत प्रचलित चूक होय. अशा हवेत प्राणी जगतो, परंतु खाल्लेले अन्न त्याच्या पोटात कुजू लागते आणि साधा जंतुसंसर्गही फुप्फुसापर्यंत पोहोचतो. पिंजऱ्याच्या एका टोकाला दिव्याखालील पृष्ठभाग पन्नास अंशांहून अधिक तापलेला आणि दुसरे टोक पंचवीस अंशांच्या आसपास असावे, म्हणजे प्राणी स्वतःच आपली जागा निवडतो.

येथे पालक दचकतो. इतक्या उष्णतेने प्राणी भाजणार नाही काय? भाजलेल्या घोरपडी पशुवैद्यांकडे येतात हे खरे, पण त्यांचा पिंजरा बहुधा फार गरम नसतो, तो थंड असतो. हातभर लांबीच्या प्राण्यावर एकच लहानसा दिवा लावला, तर पाठीचा एक तुकडा तापतो आणि पोट व शेपटी गारच राहते. शरीर तापले नाही म्हणून प्राणी हलत नाही, आणि पाठीची कातडी मात्र करपून जाते. उपाय असा की दोन-तीन दिवे ओळीने लावून संपूर्ण धड एकाच वेळी तापेल अशी जागा करावी. विजेवर तापणारे कृत्रिम दगड मुळीच वापरू नयेत. पोटाच्या बाजूने घोरपडीला उष्णतेची जाणीव उशिरा होते, आणि तेवढ्यात इजा झालेली असते. आपल्याकडील प्रदर्शनी पिंजऱ्यांत सिमेंटच्या फरशीमुळे हिवाळ्यात उलट प्रकार घडतो. उत्तर भारतात निसर्गातील घोरपड थंडीत बिळात निष्क्रिय पडून राहते व खात नाही. पिंजऱ्यातील घोरपडीला बीळ नसते, अन्न मात्र नेमाने दिले जाते. त्यापेक्षा त्या दिवसांत अन्न बंद करून कोरडी, सुरक्षित विश्रांतीची जागा देणे हिताचे, नाहीतर उष्णतेची पूर्ण व्यवस्था तरी करावी.

पाण्याचा प्रश्न याहून फसवा आहे. सव्हाना आणि वाळवंट या शब्दांवरून पालक अशी समजूत करून घेतो की या प्राण्यांना कोरडेपणा मानवतो. ते राहतात कोरड्या प्रदेशात खरे, पण दिवसाचा मोठा भाग जमिनीखाली घालवितात, आणि वीतभर खोलीवरची मातीदेखील वरच्या हवेपेक्षा कितीतरी दमट असते. घानात सव्हाना घोरपडीची पिल्ले शेतातील मोठ्या रातकिड्यांच्या बिळांत आश्रय घेताना आढळली आहेत. याउलट काचेच्या पेटीत वर जाळीचे झाकण, आत प्रखर दिवे आणि तळाला वर्तमानपत्र किंवा लाकडाचा भुसा असला, की प्रत्येक श्वासागणिक प्राण्याच्या शरीरातील पाणी उडून जाते. वाडग्यातील पाणी ही तूट भरून काढू शकत नाही.

या तुटीचा परिणाम मूत्रपिंडांवर होतो. सरीसृप प्राणी प्रथिनांतील नायट्रोजन यूरिक अम्लाच्या रूपाने बाहेर टाकतात. विष्ठेबरोबर दिसणारा पांढरा लगदा तो हाच. त्यांच्या मूत्रपिंडांना आपल्याप्रमाणे मूत्र दाट करता येत नाही, म्हणून शरीर आटू लागले की गाळण्याचे कामच मंदावते. रक्तातील यूरिक अम्ल वाढते आणि त्याचे स्फटिक सांध्यांत, हृदयावरणावर, यकृतात व मूत्रपिंडांत साचू लागतात. हाच गाउट. बोटांचे सांधे सुजतात, चालताना प्राणी पाय जपून टाकतो, पुढे खाणे सोडतो. लक्षणे दिसेपर्यंत मूत्रपिंडांचा बराच भाग निकामी झालेला असतो. औषधाने यूरिक अम्लाची निर्मिती कमी करता येते, पण गेलेले मूत्रपिंड परत येत नाही. प्रतिबंध मात्र स्वस्त आहे. बीळ टिकू शकेल अशी माती व वाळू यांचे मिश्रण दोन-अडीच फूट खोल भरावे, ते आतून ओलसर ठेवावे, आणि झाकण जाळीचे न ठेवता बव्हंशी बंद ठेवावे. ओल आतून हवी. वरचा थर चिखलासारखा ओला राहिला तर पोटाच्या खवल्यांवर फोड येतात.

अन्नाविषयी सर्वांत अधिक गैरसमज आहेत. घोरपड मांसाहारी आहे, तेव्हा तिला मांस द्यावे, असे साधे गणित मांडले जाते. सव्हाना घोरपड निसर्गात काय खाते याचा सेनेगलमधील अभ्यास १९७२ मध्ये प्रसिद्ध झाला. तिच्या पोटात मुख्यतः वाणी किडे (काही भागांत यांना पैसा म्हणतात), भुंगेरे, टोळ आणि गोगलगायी सापडल्या. पावसाळ्यात ती खाऊन घेते व कोरड्या ऋतूत वजन गमावते. अशा प्राण्याला बारा महिने उंदीर घातले तर काय होणार? उदरातील मेदपिंड फुगतात, यकृतात चरबी साचते, पोट जमिनीला घासू लागते. पालक त्याचे वजन कौतुकाने सांगतो.

उंदीर हे निदान संपूर्ण भक्ष्य असते. हाडांतून कॅल्शियम आणि यकृतातून ड जीवनसत्त्व मिळते. नुसत्या खिम्यावर किंवा काळजाच्या तुकड्यांवर वाढविलेल्या पिल्लाची अवस्था अधिक वाईट होते. आहारात कॅल्शियमचे प्रमाण फॉस्फरसच्या दीडपट ते दुप्पट असावे लागते. हाडाविना मांसात मात्र फॉस्फरसच कॅल्शियमच्या दहापटींहून अधिक असतो. शरीर ही उणीव स्वतःची हाडे विरघळवून भरून काढते. यालाच आपण मुलांच्या बाबतीत मुडदूस म्हणतो. जबडा रबरासारखा लवतो, मांड्या सुजतात, बोटे थरथरतात, आणि एखाद्या दिवशी फांदीवरून उतरताना कणा मोडून मागचे पाय लुळे पडतात. कीटकांतही कॅल्शियम अल्पच असते, म्हणून देण्यापूर्वी त्यांना चांगले खाऊ घालून त्यांच्यावर कॅल्शियम कार्बोनेटची पूड भुरभुरावी. गोगलगायी शंखासकट द्याव्यात. त्यांची तिला विशेष आवड असते. कॅल्शियम शोषून घेण्यास ड जीवनसत्त्व हवे, आणि त्यासाठी २९० ते ३१५ नॅनोमीटर तरंगलांबीचे जंबुपार किरण लागतात. साध्या खिडकीच्या काचेतून येणारे ऊन या कामी निरुपयोगी असते. जंबुपार किरणांच्या नळ्या काही महिन्यांनी निस्तेज होतात, मात्र त्यांचा दृश्य प्रकाश तसाच राहतो, हेही लक्षात असू द्यावे. आपल्या देशात यावर सर्वांत चांगला उपाय म्हणजे जाळीच्या पिंजऱ्यात सकाळचे ऊन, बाजूला सावलीची सोय ठेवून.

आपल्याकडील विशेष दोष म्हणजे कच्ची अंडी. घोरपड अंडी खाते, हे खेड्यातील कोंबड्या पाळणाऱ्याला सांगावयास नको. परंतु रोज कच्चे अंडेच दिले तर पांढऱ्यातील ॲव्हिडिन हे द्रव्य बायोटिन जीवनसत्त्व बांधून ठेवते आणि स्नायू दुर्बल होतात. अंडे शिजविले की हा दोष जातो. पाणघोरपडीला सतत गोठविलेली मासळी दिल्यास अशीच उणीव ब१ जीवनसत्त्वाची होते. तिला झटके येतात व पालथी केली तर सरळ होता येत नाही.

मादीच्या बाबतीत आणखी एक संकट असते. नर सोबत नसला तरी मादी अंडी तयार करते. कोमोडो घोरपडीच्या मादीने नराविना सजीव पिल्ले दिल्याची नोंद इंग्लंडमध्ये २००६ साली प्रसिद्ध झाली, हे तर टोकाचे उदाहरण होय. अंडी घालण्यासाठी तिला खोल, ओलसर, उबदार माती लागते. ती न मिळाल्यास मादी दिवसचे दिवस कोपरे उकरीत राहते, अंडी रोखून धरते, आणि शेवटी ती फुटून उदरात दाह होतो. सिमेंटच्या फरशीवर ठेवलेल्या प्रौढ मादीचे पोट फुगून तिने खाणे सोडले, तर प्रथम क्ष-किरण चित्र काढावे. शस्त्रक्रियेने ती वाचू शकते.

बाकीच्या तक्रारी तुलनेने साध्या आहेत. पकडून आणलेल्या प्राण्यावर गोचिडी असतातच, त्या चिमट्याने काढाव्यात. जंत असतात, पण रानात ते आटोक्यात राहतात. पिंजऱ्यात मात्र विष्ठेतून त्यांचा पुन्हापुन्हा संसर्ग होतो. म्हणून विष्ठा तपासून औषध द्यावे, आणि तेही प्राणी उबदार व पाण्याने भरून निघाल्यावर. बोटांवर व शेपटीच्या टोकावर अडकलेली जुनी कात आवळून बसते व पुढचा भाग वाळून गळतो. कोमट पाण्यात भिजविल्यास ती निघते. नाकाचा शेंडा सोलवटलेला दिसला, तर काचेच्या खालच्या भागावर कागद चिकटवावा. पारदर्शक भिंत या प्राण्याला समजत नाही.

उपचार करणाऱ्या पशुवैद्यास एक विनंती. थंड व शुष्क अवस्थेतील घोरपडीला जेंटामायसिन किंवा अमिकॅसिन देऊ नये. ही औषधे मूत्रपिंडांना घातक असून गाउटला निमंत्रण देतात. आधी चोवीस तास योग्य उष्णता व द्रव द्यावे. रक्षकाने दर पंधरवड्यास वजन, शेपटीच्या बुडाचा घेर आणि खाल्लेले अन्न यांची वही ठेवावी. अशी वही असली की निदानाचे निम्मे काम होते. घोरपडीच्या आतड्यात साल्मोनेला जंतू निरुपद्रवीपणे राहतात, पण माणसाला, विशेषतः लहान मुलांना, ते बाधतात. म्हणून हाताळल्यानंतर साबणाने हात धुवावेत, आणि पिंजऱ्यातील भांडी स्वयंपाकघराच्या मोरीत घासू नयेत.