गहू-दूध बंद करण्याआधी



ऑटिझम म्हणजे स्वमग्नता असलेल्या मुलाचं गहू आणि दूध बंद करा, मूल बोलायला लागेल, असा मेसेज आपल्या फॅमिली ग्रुपांवर अधूनमधून फिरतो. पाठवणाऱ्याचा हेतू चांगलाच असतो. पण आजवरच्या अभ्यासांत या पथ्याने स्वमग्नता कमी होते असा भरवशाचा पुरावा मिळालेला नाही. ती मेंदूच्या जडणघडणीतली गोष्ट आहे, आईच्या हातच्या पोळीने येत नाही.

गव्हाचा सिलिअ‍ॅक आजार किंवा दुधाची अ‍ॅलर्जी असेल तर गोष्ट वेगळी, तिथे पथ्य हवंच. मात्र सिलिअ‍ॅकची रक्ततपासणी मूल गहू खात असतानाच करायची, बरं का. आधीच बंद केला तर आजार असूनही रिपोर्ट नॉर्मल येऊ शकतो.

आता नुकसान काय ते बघा. यातली कित्येक मुलं मोजून पाच-सहा पदार्थ खातात, आणि त्यात बहुधा दूध-पोळी असतेच. तेच काढलं तर राहिलं काय? २००८ साली अमेरिकेतल्या एका अभ्यासात स्वमग्न मुलग्यांची हाडं अपेक्षेपेक्षा पातळ आढळली, दूध बंद असलेल्यांची तर आणखीच. आपल्या तार्नाक्याच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या हिशोबाने ७ ते ९ वर्षांच्या मुलाला रोज ६५० मिलिग्रॅम कॅल्शियम लागतं. दोन पेले दुधातून त्यातलं बरंचसं मिळतं. खरंच दूध चालत नसेल तर नाचणी घ्या. शंभर ग्रॅममध्ये साडेतीनशेच्या आसपास कॅल्शियम असतं. इथली रागी जावा घरोघरी होतेच, पण एका वाटीत पीठ जेमतेम तीस ग्रॅम पडतं हेही लक्षात ठेवा.

मूल खात नाही म्हणजे लाडावलंय असं नाही. मऊ, चिकट, वासाचं काही तोंडात गेलं की त्याला खरोखर सहन होत नाही. म्हणून सत्संगात प्रसादाचा शिरा कोणी बळेच भरवू नये. आजी-आजोबांनी, मावशी-काकूंनी हे मनावर घ्यावं. नवा पदार्थ ताटात कडेला चिमूटभर ठेवावा, रोज, काही न बोलता. बद्धकोष्ठ आहे का तेही पाहावं. पोट दुखतंय हे सांगता न आल्याने मूल चिडतं, झोपत नाही, आणि घरचे म्हणतात हट्टी आहे.

गोळ्या-पावडरींचं म्हणाल तर लोह, ड जीवनसत्त्व, शाकाहारी घरांत बी-१२ हे तपासून कमी असेल तर जरूर द्यावं. अंदाजाने नको. अ आणि ड शरीरात साठतात, बी-६ जास्त झालं तर नसांना इजा होते. ‘शरीरातले जड धातू काढतो’ म्हणणाऱ्याकडे तर जाऊच नका. त्या उपचारात २००५ साली अमेरिकेत एक स्वमग्न मूल दगावलं.

सिकंदराबादला मनोविकासनगरमध्ये केंद्र सरकारची दिव्यांगजन संस्था आहे, तिथे मुलाची तपासणी आणि मार्गदर्शन मिळतं. जाण्याआधी आठवडाभर मूल काय, किती, कधी खातं आणि शौचाला कधी जातं ते वहीत लिहून न्या.